दात बघून ठरलेलं वय

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. औद्योगिक क्रांतीवरच्या प्रकल्पात तिने लिहिलं, 'इंग्रज सरकारने १८८१ साली कायदा करून मुंबईच्या गिरण्यांतल्या लहान मुलांना संरक्षण दिलं.' माझे सासरे गिरणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, 'संरक्षण कसलं! मँचेस्टरवाल्यांना आपल्या गिरण्या बंद पाडायच्या होत्या.' दोन दिवस आजोबा आणि नात एकमेकांशी धड बोलत नाहीत. वहीत काय लिहायचं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला माझ्या आजोबांचे दात आठवले.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. रत्नागिरीकडचे. मुंबईत प्लेग आला त्या साली जन्मलेले, म्हणजे १८९६ धरा. त्यांच्या आईला तारीख ठाऊक नव्हती, प्लेग ठाऊक होता. आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि पंधरा दिवसांत गिरणीच्या दारात उभे राहिले. तेव्हा १८९१चा कायदा लागू होता. नऊच्या आतल्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, नऊ ते चौदामधल्याला दिवसाला सात तासांच्या वर राबवायचं नाही. पण नऊ पुरी झाली की नाही हे कळणार कसं? जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही. मग डॉक्टर तोंड उघडायला सांगायचा आणि दात बघायचा.

आबा पहिल्यांदा नापास झाले. 'दुधाचे दात आहेत अजून, पुढच्या वर्षी आण,' असं डॉक्टर म्हणाला. पुढच्या वर्षापर्यंत चाळीतल्या त्या खोलीचं भाडं कोण भरणार? पणजोबांनी सुताचा दोरा घेतला आणि आबांचे हलणारे दोन दात ओढून काढले. दीड महिन्याने दुसऱ्या एका गिरणीत, प्लेगात गेलेल्या थोरल्या चुलत भावाचं नाव सांगून, आबा पास झाले. तेच नाव मस्टरवर चढलं आणि पन्नास वर्षं तिथेच राहिलं. निवृत्तीच्या वेळी फंडाचे कागद घरी आले तेव्हा आमच्या आजीने ते परत पाठवायला काढले होते, कारण त्या नावाचा माणूस आमच्या घरात नव्हता. वडिलांनी प्रतिज्ञापत्रं करून वर्षभर खेटे घातले तेव्हा कुठे पैसे मिळाले.

आबा डॉफर होते. साचा म्हणजे सूत कातायचं यंत्र. त्याच्यावरच्या बाबिनी सुताने भरल्या की साचा थांबवायचा, पोरांच्या टोळीने धावत जाऊन भरलेल्या बाबिनी उपसायच्या, रिकाम्या बसवायच्या, साचा पुन्हा चालू. लहान बोटं, लहान उंची, धावायची ताकद, या कामाला पोरंच लागायची. मालक मंडळी चौकशी समित्यांपुढे सांगत की मुलांचं काम हलकं असतं, दोन पाळ्यांमधल्या वेळात ती आवारात खेळतात. आबांना मी एकदा विचारलं होतं, खेळायचात का? ते म्हणाले, 'निजायचो.' कापसाच्या ढिगावर निजायचे आणि जॉबर, म्हणजे मुकादम, लाथेने उठवायचा. कागदावर सात तास होते. साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागली की जादा वेळ राबणाऱ्या पोरांना बोऱ्यांमागे बसवायचे. गिरण्यांत विजेचे दिवे आले त्या सुमाराची ही गोष्ट, १९०५च्या आसपासची. त्याआधी सूर्य मावळला की काम थांबायचं. दिवे आल्यावर मोठ्या माणसांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला, आणि मोठ्यांचा साचा चालू असला की डॉफर लागतोच.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे येते. हे सगळं आधी इंग्लंडात होऊन गेलं होतं. पाण्याच्या धारेवर चालणाऱ्या पहिल्या सूतगिरण्या खेड्यापाड्यांत होत्या, तिथे मजूर मिळत नसत, म्हणून अनाथ आणि गरीब मुलं शहरांतल्या आश्रमांतून आणून गिरणीशेजारच्या घरात ठेवत. स्टायल गावच्या क्वारी बँक गिरणीचं असं 'अप्रेंटिस हाउस' १७९० साली बांधलेलं, आजही उभं आहे. १८३२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे एलिझाबेथ बेंटली नावाची लीड्सची तेवीस वर्षांची बाई साक्षीला आली. सहाव्या वर्षी ती जवसाच्या सुताच्या गिरणीत लागली होती. डॉफर म्हणून! कामाची गर्दी असली की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, जेवायला दुपारी चाळीस मिनिटं, मागे पडलं की पट्ट्याचे फटके. डॉफर म्हणजे काय करतो असं विचारल्यावर तिने जे वर्णन केलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आबाच बोलत आहेत असं वाटलं. साचा थांबवायचा, भरलेल्या काढायच्या, रिकाम्या लावायच्या. मधे पाऊणशे वर्षं आणि सात समुद्र, काम तेच.

त्या साक्षींनंतर १८३३चा कायदा झाला. कापड गिरण्यांत नऊच्या आत बंदी, नऊ ते तेरा दिवसाला नऊ तास, शिवाय दोन तास शाळा, आणि पगारी सरकारी निरीक्षक, सगळ्या देशाला मिळून चार. तिथेही वय कसं ओळखायचं हाच पेच. इंग्लंडात जन्मनोंदणी सुरू झाली १८३७च्या जुलैत. तोवर डॉक्टरने लिहून द्यायचं की या मुलाची ताकद आणि चण नऊ वर्षांच्या मुलासारखी आहे. त्याच १८३७ साली एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने दातांवरून वय ओळखण्याची पद्धत पार्लमेंटपुढे मांडली. आबांच्या तोंडात डोकावणारा डॉक्टर तिथून आला होता.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ला ताडदेवला सुरू झाली. वीस वर्षांत इथलं सूत लँकेशायरला, म्हणजे मँचेस्टरभोवतालच्या गिरण्यांच्या मुलखाला, टोचू लागलं. तिथले मालक म्हणू लागले की आमच्यावर कायद्याचं बंधन आणि मुंबईवाले मात्र पोरंबाळं पहाटेपासून राबवतात, हा कुठला न्याय. १८७५ला मुंबईत चौकशी समिती बसली. तिच्यातल्या बहुतेकांनी कायदा नको म्हणून मत दिलं. तेव्हा तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. मँचेस्टरचा स्वार्थ उघड होता आणि त्या काळच्या आपल्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी तो उघड करून दाखवला.

पण त्यांना एक विचारा. मँचेस्टरचा स्वार्थ खरा, म्हणून साच्यापुढचं पोर खोटं ठरतं का? मला त्या वर्तमानपत्रांचा राग येतो, अजूनही येतो. स्वदेशी उद्योगाच्या काळजीपोटी त्यांनी सात वर्षांच्या पोराची बाजू सोडली. ती बाजू घेणारे आपल्यातच होते. सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ, स्वतः मुंबईच्या व्यापारी वर्तुळातले. त्यांनी १८७८ साली मुलांसाठी आणि बायांसाठी कायद्याचा मसुदा तयार केला आणि आपल्याच लोकांचा रोष पत्करला. त्यांना मँचेस्टरने पाठवलं नव्हतं.

१८८१ला जो कायदा निघाला तो त्यामानाने अगदीच किडमिडीत. सात वर्षांखाली बंदी, सात ते बारा दिवसाला नऊ तास, तासाभराची सुट्टी, महिन्यात चार दिवस रजा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अक्षर नाही. तोही जिथे शंभर माणसं आणि यंत्र असेल तिथेच. मुलीला इथे एक गोष्ट जरूर लिहायला सांगा. आदल्याच वर्षी, १८८०ला, इंग्लंडने आपल्या मुलांना दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची केली होती. त्याच सरकारने वर्षभरात मुंबईच्या सात वर्षांच्या मुलाला नऊ तास गिरणीत जाण्याची मुभा दिली. करुणाच असती तर हे दोन आकडे इतके लांब पडले नसते.

मग पुढची सुधारणा कोणी मागितली? गिरणीतल्याच माणसांनी. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु' या वर्तमानपत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी समितीला दिलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहाच्या आत काम सुरू नको, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, जखमी झालं तर भरपाई. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार माणसं जमली, दोन बायाही भाषणाला उभ्या राहिल्या, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये मालकांच्या संघाने रविवार मान्य केला. आबांना नऊ वर्षांची अट लावणारा १८९१चा कायदा या सगळ्यातून आला. लोखंडे १८९७ला प्लेगात गेले, रोग्यांची सेवा करता करता.

म्हणून वहीतल्या वाक्यात 'इंग्रज सरकारने संरक्षण दिलं' याऐवजी असं लिहू द्या: लँकेशायरच्या दबावामुळे कायदा आला, सोराबजी बंगालींनी त्यासाठी इथून आवाज उठवला आणि लोखंड्यांनी व गिरणी कामगारांनी तो पुढे रेटला. सासऱ्यांना हे वाक्य वाचायला द्या. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस लोखंड्यांचं नाव बघून नातीशी बोलायला लागेल, असं मला वाटतं.

प्रश्न : माझे आजोबा सहा वर्षांचे असल्यापासून घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायचे, शाळेत जेमतेम दोन वर्षं गेले. त्याला बालमजुरी म्हणायचं का? घरचंच काम होतं. असं म्हटलं की वडिलांना वाईट वाटतं.
– वाचक, इचलकरंजी

उत्तर : वडिलांना वाईट वाटणं समजू शकते. पणजोबांनी माझ्या आबांचे दात ओढले, आणि तरी मी त्यांना दोष देऊ शकत नाही. तुमच्या पणजोबांनाही देणार नाही. पण दोष नाही म्हणून कामाचं नाव बदलत नाही. मुलाचा दिवस त्यात जात होता, शाळा त्याने सुटली, आणि त्या कांडीशिवाय माग चालत नव्हता.

गिरण्या येण्याआधी इंग्लंडातल्या विणकरांच्या घरीही मुलं हेच करायची, आणि कायद्याने निरीक्षकासाठी गिरणीचं दार उघडलं तरी घराचं दार बंदच ठेवलं. मोठ्या कापड गिरण्यांसाठी कायदा १८३३ला, छोट्या कारखान्यांपर्यंत तो पोचायला १८६७ उजाडलं. आपल्याकडे तर आकड्यांचा खेळच बघा. १८८१ला शंभर माणसांची अट, १८९१ला पन्नास, १९२२ला वीस, १९४८ला यंत्र असेल तर दहा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी चालवला, तेव्हा अट पन्नासांची होती. चार-सहा मागांच्या शेडमध्ये पन्नास माणसं कुठून असणार? जिथे माणसं मोजता येत होती तिथूनच मुलं बाहेर आली. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांतून तर ती १९२०च्या दशकात जवळपास दिसेनाशी झाली. १९२२च्या कायद्याने किमान वय बारा केलं, पंधरापर्यंत सहाच तास ठेवले. एका साच्यासाठी मुलांच्या दोन-दोन टोळ्या सांभाळायच्या, दाखले तपासायचे, ही कटकट मालकांना नको झाली, आणि दारात मोठी माणसं हवी तेवढी उभी होती. अहमदाबादेत मात्र एकच पोर दोन दाखल्यांवर एकाच दिवशी दोन गिरण्यांत राबल्याच्या तक्रारी होत्या. ते थांबवणारं कलमच घालावं लागलं.

१९३८चा मुलांच्या कामाविषयीचा कायदा आला तेव्हा विडी आणि कापड विणण्यासारख्या धंद्यांत बाराखालच्यांना बंदी झाली, पण घरच्या माणसांच्या जोरावर चालणारी कार्यशाळा वगळली. १९८६च्या कायद्यानेही घरचा धंदा वगळला. २०१६च्या दुरुस्तीने चौदाखाली सगळीकडे बंदी आली, तरी शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत, तीही धोक्याची नसेल तर, आजही चालते. माझं मत विचाराल तर ही सवलत चुकीची आहे. तुमच्या गावात, मालेगावात, सोलापुरात विडी वळणाऱ्या घरांत, 'शाळा सुटल्यावर' किती वाजेपर्यंत, हे बघायला कोण निरीक्षक माजघरात येणार आहे? वडिलांना हे वाचून दाखवा. आजोबांच्या कांड्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही, तो निदान घरच्यांनी ठेवावा. त्यांना वाईट वाटलं तर वाटू द्या.

प्रश्न : मुलांची जागा कामावर नाही, शाळेत आहे, असं आपल्याकडे कोणी मांडलं? स्पर्धा परीक्षेसाठी हवं आहे.
– विद्यार्थी, लातूर

उत्तर : परीक्षेपुरतं देते, पण तारखा एकमेकींशेजारी ठेवून वाच.

१८८१च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास गिरणीत ठेवायची परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, १८८२ला, जोतीराव फुले सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे म्हणाले की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बारा वर्षांपर्यंत. तेच वय! सरकार ज्या मुलाचे कामाचे तास मोजत होतं, त्याच मुलाला जोतीराव शाळेत मागत होते. लोखंडे त्यांचेच शिष्य होते, हा योगायोग समजू नकोस.

सयाजीराव महाराजांनी १८९३ला अमरेली भागात आणि १९०६ला सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं शिक्षण सुरू केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ला विधेयक आणलं, मागणी फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, तीही जी नगरपालिका तयार होईल तिथे. १९१२ला ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१७ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्ती केली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मुंबईत सक्तीची सुरुवात १९२५ला झाली ती एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे आमच्या गिरणगावाच्या पट्ट्यात. राज्यघटनेच्या २४व्या कलमाने चौदाखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामात बंदी घातली. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. जोतीरावांच्या साक्षीपासून १२८ वर्षं होतात.

आणि तू मुद्दाम लातूरहून पत्र लिहिलंस म्हणून तुला एक सांगते, हे परीक्षेत येणार नाही. मी परळच्या एका रात्रशाळेत इतिहास शिकवायचे. ऑक्टोबर २००६ मध्ये हॉटेलांत आणि घरकामाला चौदाखालची मुलं ठेवायला बंदी आली. पुढच्या जूनमध्ये पाचवीला एक मुलगा आला. मराठवाड्यातलाच होता. दिवसा एका हॉटेलातून आसपासच्या ऑफिसांत चहा पोचवायचा. शाळेचा दाखला गावी आहे म्हणाला. मी वय विचारलं तर लगेच, पाठ केल्यासारखं म्हणाला, 'चौदा लिहा बाई.' मी हसून त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलायला लागले, तेव्हा तोही हसला. वरचे दोन्ही सुळे अजून आलेले नव्हते.

मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि रजिस्टरमधला वयाचा रकाना कोरा ठेवला. तो दिवाळीपर्यंत यायचा, बहुतेक वेळा अर्ध्या तासानंतर बाकावर डोकं टेकून झोपायचा आणि मी त्याला उठवत नसे. सुट्टीनंतर आला नाही. हॉटेलात जाऊन विचारलं तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, असा कोणी मुलगा इथे नव्हताच. चहाचे ग्लास दुसरा एक मुलगा धूत होता. त्याला मी वय विचारलं. त्याने आधी गल्ल्याकडे पाहिलं, मग म्हणाला, चौदा.